मोरव्याची वाट व अन्नाचा प्रश्न

भाईंदर स्टेशनावर पश्चिमेस उतरून उत्तनच्या वाटेस लागलें म्हणजे मुर्धा, राई व मोरवा हीं गांवें एकामागून एक येतात. गेल्या कार्तिकांत आम्ही तिकडे गेलों, तें केवळ खाडीची हवा खावी म्हणून. परत आलों मात्र अन्नाचा प्रश्न डोक्यांत घेऊन.

हा सारा मुलूख खाडीकांठचा. येथलें भात पावसाळ्याच्या एकाच हंगामाचें, आणि तेंही बांधाच्या आधारानें. भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून मातीचा बांध घालावयाचा. पावसाचें पाणी ओहोटीबरोबर निघून जावें म्हणून त्यांत उघाडी ठेवावयाची. बांध फुटला कीं त्या वर्षाचें पीक तर जातेंच, पण जमिनींत मुरलेलें मीठ पुढच्या पिकासही नडतें. ही निगा एकट्यादुकट्या कुळास झेपणारी नव्हे; मुंबई सरकारनें १९४८ सालीं खार जमिनींचा स्वतंत्र कायदा केला तो याचसाठीं. भात सरलें तरी पूर्वीं मिठागरावरची मजुरी होती आणि खाडींतली मासळी होती. घर तीन खांबांवर उभें होतें.

ओटीवर बसलेल्या एका वृद्ध आगरी गृहस्थांस आम्हीं विचारलें, “बाबा, आतां धान्य कोठून येतें?”

ते म्हणाले, “दुकानांतून, गुरुजी. पूर्वीं पावसाची वाट बघत होतों, आतां पोराच्या पगाराची बघतों.”

हें उत्तर ऐकून आम्हांस आमचें बालपण आठवलें. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत होतों. आमच्या मातोश्री रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी थापीत, आणि ती तव्यावर पोंचण्याआधींच मोडे म्हणून पदरानें डोळे पुशीत. वाण्याच्या दुकानीं धान्य दिसे. परंतु ज्याची विहीर आटली त्याजवळ तें घेण्यास पैसा नव्हता. खडी फोडण्याच्या कामावर मजुरी मिळूं लागली, तेव्हां चुली पेटल्या. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना त्याच काळांत वाढीस लागली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. अमर्त्य सेन यांनींही १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाविषयीं हेंच दाखविलें कीं, देशांत धान्य असणें आणि तें मिळविण्याची ऐपत माणसाजवळ असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

मोरव्यास हें फार लागू पडतें. मिरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ सालीं झाली व महापालिका २००२ सालीं. कागदोपत्रीं आज हें गांव शहर आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला खरा. परंतु देशांतील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत, तर शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंतच. रोजगार हमीही मुख्यतः खेड्यांसाठींच. शेत गेलें, मिठागर गेलें, आणि खेडें म्हणून मिळणारा आधारही उणा झाला, तर घरानें टेकावें कोठें? चालू दशकांत मेट्रो-९ ची कारशेड राई-मुर्धा-मोरवा येथें योजिली होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे नेण्याचें ठरलें. तो विरोध केवळ हट्ट नव्हता, हें त्या ओटीवर आम्हांस कळलें.

तैत्तिरीयोपनिषदांत अन्न वाढवावें हें एक व्रत सांगितलें आहे, आणि त्यालाच लागून, घरीं आलेल्यास विन्मुख धाडूं नये हें दुसरें. पहिलें व्रत शेतकरी पाळीत आला आहे. दुसरें सरकारनें व आपण सर्वांनीं पाळावयाचें आहे.