राखेच्या टेकडीखालील पेढ्या

तुर्कस्तानातील कायसेरी शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर कुलतेपे, म्हणजे राखेची टेकडी, आहे. माथ्यावर राजवाड्याचे अवशेष आहेत. परंतु व्यापारी घराण्यातील प्रवाशाने आधी पायथ्याशी जावे. प्राचीन कानेश नगरीतील परदेशी व्यापाऱ्यांची पेठ तेथेच होती. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी आजच्या इराकमधील अश्शूर नगरातून गाढवांचे तांडे १,००० किलोमीटर चालून येथे कथील व लोकरी कापड आणीत आणि सोने-चांदी घेऊन परतत.

आज दगडी पाये व अरुंद गल्ल्या तेवढ्या दिसतात. घरांत मात्र २०,००० हून अधिक मृत्तिकापट्टिका सापडल्या: करार, कर्जरोखे, घरची पत्रे. अनेक जण मिळून एका व्यापाऱ्याच्या हाती दीर्घ मुदतीचे भांडवल सोपवीत. त्या व्यवस्थेचे नावच 'थैली' होते.

पुशु-केन हा व्यापारी कानेशला राही. पत्नी लमस्सी अश्शूरला कापड तयार करवून त्याला पाठवी. तिची पत्रे सडेतोड आहेत. आपल्या कापडाची चांदी ती हक्काने मागते. तो गेल्यापासून शलिम-अहुमने दोनदा घर बांधले, आपले केव्हा, असेही विचारते. मुनिमालाही असा जाब विचारवला नसता!

इ.स.पू. १८३५ च्या सुमारास पेठ आगीत भस्मसात झाली. मातीचे कागद तेवढे टिकले. अंकाऱ्याच्या संग्रहालयात काही पट्टिका अजून मातीच्या मोहोरबंद लिफाफ्यांतच आहेत.