पळस फुलला की मेकडे बघा

पळस फुलला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत, कामं निघतात. बागकामाच्या पुस्तकांतली वसंताची यादी ठरलेली असते: छाटणी करा, कुंड्या बदला, नवी रोपं लावा, खत घाला. ज्या मुलखात वसंतानंतर मवाळ उन्हाळा येतो, तिथं ती यादी बरोबर आहे. आमच्याकडे वसंतानंतर मे येतो आणि पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये वाडीत जे काही करायचं, ते मेकडे बघून. सावली, ओल आणि बी, ही तीन राखली की झालं. बाकीची कामं मृगावर ढकलली तरी काही बिघडत नाही.

आधी सावली. हिरवी नेट बाजारात मिळते, पण वेलाच्या मांडवाखाली जो गारवा असतो तो नेटखाली नसतो, कारण पान स्वतः वाफ सोडत असतं. बांबूच्या मेढी रोवून वर कामट्या बांधल्या की दोडका, कारली, लौकी, काहीही चढवता येतं. फक्त बी फेब्रुवारीतच पडायला हवं. या वेलांवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. ऊन वाढलं की नर फुलांचंच पीक येतं आणि मादी फुलं कमी होतात. उशिरा लावलेला वेल सावली देतो, भाजी देत नाही. कारल्याचं बी टणक असतं. ते रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, मग ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ उबेला. मोड दिसला की बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर लावायचं.

दोडक्याचं फूल दिवस कलताना उमलतं, तोवर मधमाश्या घरी गेलेल्या असतात. दिवेलागणीला मी मांडवाखाली जातो. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्यामागे बोटभर दोडका आधीच तयार असतो. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्याचा पिवळा परागकोश मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवायचा. दोन-तीन दिवसांत मागचा दोडका फुगायला लागला की समजावं, जमलं. नाही जमलं तर तो पिवळा पडून गळतो.

दुसरी गोष्ट ओल. मांडवाच्या बुडाशी मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, पाण्यानं भरावा आणि तोंडावर झाकण ठेवावं. माठ पाझरतो आणि मुळं स्वतःच त्याच्याकडे वळतात. माती ओली असेल तर पाझर मंदावतो, सुकली की वाढतो. ही युक्ती जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात खड्ड्याच्या मधोमध घडा पुरून भोवती खरबुजाचं बी लावायला सांगितलं आहे. आपल्याला माठ निवडता यायला हवा. रंग दिलेला किंवा चकाकी चढवलेला माठ पाझरत नाही. घरातला जुना माठ पाणी गार करेनासा झाला म्हणून लोक तो वाडीत पुरतात. पण त्याची छिद्रं बुजली म्हणूनच तो गार करत नाही, मग तो पाझरणार कसा? माठ संध्याकाळी भरून ठेवावा. सकाळी अंगाला ओल सुटलेली दिसली तरच पुरावा.

पाणी दिल्यावर ते झाकलंही पाहिजे. धानाच्या मुलखात तणसाला तोटा नाही. खळं झालं की गुरांपुरतं ठेवून उरलेलं तणस वाफ्यावर चार बोटं जाड पसरायचं. सागाचं पान मात्र अख्खं टाकू नये. ते ताटाएवढं असतं, पाणी त्याच्यावरून वाहून जातं आणि ते लवकर कुजतही नाही. चुरडून तणसाखाली घालावं. खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवावी, नाहीतर उधई लागते. आणि तणसात थेट हात घालू नये, आधी काठीनं उलथावं. त्या गारव्याला विंचू नि सापही येतात.

होळीपासून घरोघरी कूलर सुरू होतात आणि टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायचा मोह होतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते पाणी कुंडीत पडलं की काही आठवड्यांत पानांच्या कडा करपतात. ते अंगणात शिंपडावं.

काही कामं या दिवसांत न करणं हेच काम असतं. आंबा मोहरलेला असताना त्याला भरपूर पाणी घालू नये. फळ वाटाण्याएवढं झालं की सुरू करावं. लिंबाची, पेरूची दाट फांदी आता छाटली तर आतली कोवळी साल उन्हानं भाजते. मुनगा, म्हणजे शेवगा, फुलावर आहे. थोडी फुलं भाजीला घ्यावीत, शेंगा निघाल्या की मग कोयता लावावा. सांबार, म्हणजे कोथिंबीर, उन्हानं फुलावर येतो, म्हणून उपटू नये. फुलांवर मधमाश्या येतात आणि धणे घरचे होतात.

तिसरी गोष्ट बी. कुंपणावरच्या वालाला या दिवसांत मावा पडतो. सकाळच्या दवात चुलीची चाळलेली राख धुरळली की बराच आटोक्यात येतो. ज्या वेलाला मावा कमी लागला आणि शेंगा भरदार आल्या, त्याला चिंधी बांधून ठेवावी. त्या वेलाची शेंग घरात कुणी तोडायची नाही. शेंगा वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्याव्यात, बी सावलीत सुकवावं आणि राखेत घोळून बरणीत भरावं. बियाण्यासाठीचं वांगं पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवावं. माडिया आदिवासींच्या गावांत पेरणीच्या आधी विज्जा पंडुम, म्हणजे बियाण्यांचा सण होतो. बी नीट राखलं नाही तर त्या दिवशी पूजेला काय ठेवणार?

राहिला पाचोळा. वाडी झाडायची, ढीग करायचा आणि काडी लावायची, ही आपल्याकडची जुनी सवय. याच दिवसांत मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून रानातही झाडाखालचा पाला पेटवतात आणि वारा ती आग कुठल्या कुठे नेतो. कुंपणालगतची झुडपं जरूर तोडा. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे, जिथं बिबट्या घरामागे येऊन दबा धरतो, तिथं तर आधी तोडा. पण तोडलेलं आणि झाडलेलं काहीही पेटवू नका. घरापासून दूर एक खड्डा करा, पाला, शेण, माती असे थर द्या आणि आठवड्यातून एकदा वापरलेलं पाणी ओता. मिरगाच्या पावसाला लागणारं खत तिथंच तयार होईल.