स्तब्ध उभे राहण्याचा धडा

नृत्य म्हटले, की घुंगरांचा नाद, मृदंगाचा ठेका आणि वेगाने फिरणारी पावले आपल्या डोळ्यांपुढे येतात. ‘हलू नका’ हा नृत्याचा आरंभीचा धडा असू शकेल, हे कोणास खरे वाटेल? परंतु जर्मनीतील बर्लिन नगरीत काही शाळांतील मुलांना नेमका हाच धडा मिळाला आणि तोच त्यांना फार कठीण गेला.

बर्लिन फिलहार्मोनिक हा १८८२ साली स्थापन झालेला जगद्विख्यात वाद्यवृंद. २००२ साली सायमन रॅटल हे इंग्रज संगीतज्ञ त्याचे प्रमुख संचालक झाले. संगीत ही मूठभर रसिकांची चैन नसून त्यावर सर्वांचाच अधिकार आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून शहरातील सुमारे अडीचशे मुलामुलींनी या वाद्यवृंदाच्या साथीने नृत्य करावे, असे ठरले. निरनिराळ्या देशांतून येऊन बर्लिनमध्ये वसलेल्या कुटुंबांतील मुलेही त्यांत होती. कित्येकांनी असे संगीत पूर्वी कधी ऐकले नव्हते. मग नृत्याची गोष्ट दूरच राहिली.

त्यांना शिकवण्यासाठी रॉयस्टन मॅल्डूम हे नृत्यरचनाकार आले. लंडन येथे १९४३ साली जन्मलेले मॅल्डूम स्वतः विशी उलटल्यावर नृत्याकडे वळले होते. तेव्हा ‘आता उशीर झाला’ हे वाक्य त्यांच्यापुढे कोणी उच्चारण्यात अर्थ नव्हता. इथिओपियातील रस्त्यावरच्या मुलांनाही त्यांनी नृत्य शिकवले होते.

ते शिकवीत ते आधुनिक नृत्य. इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीने विसाव्या शतकाच्या आरंभी बॅलेचे घट्ट जोडे टाकून दिले व ती अनवाणी नाचू लागली. अशा बंडातूनच या नृत्याचा उगम झाला. चालणे, धावणे, पडणे, पुन्हा उठणे आणि श्वास घेणे हीच त्याची वर्णमाला. ही वर्णमाला प्रत्येकाच्या देहात उपजतच असते. केवळ तिच्याकडे लक्ष द्यावे लागते.

आणि लक्ष देणे हीच तर अडचण होती! ताठ उभे राहा, दृष्टी समोर ठेवा, बोलू नका, एवढीच आज्ञा. पण क्षणभरात कोणास हसू फुटे, कोणाचा हात केसांकडे जाई, कोणी शेजाऱ्यास ढोसकी. ते हसू आनंदाचे नव्हते; ते लाजेचे होते. सर्वांच्या दृष्टीपुढे उघडे उभे राहण्याची भीती त्याआड दडली होती. मॅल्डूम मात्र तिळभरही ढळले नाहीत. कवायतीतील ‘सावधान’ आणि ही स्तब्धता यांत मोठे अंतर आहे. एक हुकमाने येते, दुसरी आतून येते. झडप घालण्यापूर्वी मांजर निश्चल बसते. त्या निश्चलतेत सारी झेप साठलेली असते. तशीच ही स्तब्धता.

मुले कुरकुरू लागली. काहींना हे सारे सोडून द्यावेसे वाटले. त्यांच्या शिक्षकांपैकी काहींनाही, मुलांकडून फार अपेक्षा केली जात आहे, असे वाटू लागले. त्यांचे म्हणणे मायेपोटीच होते. परंतु ‘एवढे यांना झेपणार नाही’ असे वारंवार ऐकलेल्या मुलांस ते खरेच वाटू लागते, हे मॅल्डूम जाणून होते. कठोर वाटणाऱ्या त्या गुरूने खरे पाहता मुलांवर इतरांहून अधिक विश्वास टाकला होता.

नृत्यासाठी निवडलेली संगीतरचनाही सोपी नव्हती. इगोर स्ट्राव्हिन्स्की या रशियन संगीतकाराच्या ‘वसंतविधी’ या रचनेत ऋतूच्या स्वागताचा प्राचीन सोहळा कल्पिलेला आहे. १९१३ साली पॅरिसमध्ये ती प्रथम सादर झाली, तेव्हा प्रेक्षागृहात गोंधळ उडाला होता. तिच्या मात्रा वारंवार बदलतात. मोजण्यात जराशी चूक झाली, तर पाऊल फसते. तेथे शेजाऱ्याच्या श्वासाचीही जाण ठेवावी लागते.

हळूहळू बदल घडू लागला. आफ्रिकेतून आलेल्या एका मुलास जर्मन भाषा अद्याप नीट येत नव्हती. परंतु नृत्यात शब्दांवाचून त्याचे अडले नाही. एका तरुणास इतरांचा स्पर्शही नकोसा वाटे. तो सोबत्यांसमवेत नाचू लागला. जी मुले क्षणभर स्थिर राहत नव्हती, ती आता संगीताच्या पहिल्या स्वराची शांतपणे वाट पाहू लागली.

२८ जानेवारी २००३ रोजी बर्लिनच्या ट्रेप्टो भागातील एका विस्तीर्ण सभागृहात हा प्रयोग झाला. हे सभागृह मुळात बसगाड्या ठेवण्यासाठी बांधलेले होते. एकीकडे जगातील निवडक वादक, दुसरीकडे कालपरवापर्यंत नृत्य ठाऊक नसलेली मुले! पण वाद्ये निनादली आणि हा भेद उरला नाही. या साऱ्या धडपडीवरील चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला व तो अनेक देशांतील लोकांनी पाहिला.

त्या मुलांपैकी बहुतेक पुढे नर्तक झाली नसतील. तसा हेतूही नव्हता. परंतु ज्याला आपल्या देहाची लाज वाटेनाशी झाली आणि चार क्षण शांत उभे राहून स्वतःचा श्वास ऐकता आला, त्याने मोलाचे काही मिळवले. पाऊल उचलण्यापूर्वी ते भूमीवर घट्ट रोवावे लागते. नृत्याचा हा नियम जीवनासही तितकाच लागू आहे.