चौकटीतली फुले

स्टिग लार्सनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' मी फार उशिरा वाचली. रहस्यकथा म्हणजे प्रवासात वाचून टाकून द्यायची गोष्ट, ही एम.ए.च्या दिवसांत अंगी मुरलेली तुच्छता त्याला कारणीभूत. (त्याआधी बाबुराव अर्नाळकर मिटक्या मारीत वाचले होते, ते वेगळे.) इंग्रजी शीर्षकही फसवे आहे. लार्सनच्या मृत्यूनंतर २००५ साली स्वीडिशमध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या मूळ नावाचा अर्थ 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' असा आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी आकडेवारीचे एक वाक्य येते. स्त्रियांवरील हिंसेचे, आणि तेही प्रगत म्हणून आपण ज्याचे दाखले देतो त्या स्वीडनमधले.

रहस्याची मांडणी जुन्या वळणाची. १९६६ साली एका बेटावरून सोळा वर्षांची हॅरिएट नाहीशी होते. त्या दिवशी पुलावरील अपघाताने बेटाची वाट बंद झालेली. तिच्या चुलत आजोबांना मात्र दर वाढदिवसाला चौकटीत बसवलेले वाळके फूल टपालाने येत राहते. इथवर मी निवांत होतो. मग लिस्बेथ सॅलँडरवर तिचाच कायदेशीर पालक अत्याचार करतो, तेव्हा पुस्तक मिटले. दोन दिवसांनी पुन्हा उघडले. इतका तपशील आवश्यक होता का, हा प्रश्न उरतोच. तिने घेतलेला सूड मात्र मी एका बैठकीत, चवीने वाचला, हेही कबूल केले पाहिजे.

पण खरी अस्वस्थता शेवटाकडे आहे. स्त्रियांना वर्षानुवर्षे मारणारा सापडतो, मरतो. आणि हॅरिएटच्या भल्यासाठी म्हणून पत्रकार ब्लूमक्विस्ट ते सारे दडवतो. उद्योगपतीचे आर्थिक गुन्हे तो धडाक्याने छापतो, मेलेल्या बायकांविषयी गप्प राहतो. सॅलँडर भरपाई आणि देणग्यांची अट घालते, एवढेच.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात एका विद्यार्थिनीच्या तक्रारीवर बैठक झाली होती. 'मुलीचेच नाव खराब होईल' या वाक्यावर मी मान डोलावली. इतिवृत्तावर माझी सही आहे. मुलगी पुढच्या वर्षी आली नाही.

यंदा एका विद्यार्थिनीने याच कादंबरीवर प्रकल्प करू का, असे विचारले. मी होकार दिला. शेवटच्या प्रकरणांवर अधिक लिही, असेही सांगितले. 'का, सर?' या प्रश्नाला मात्र मी तास सुरू होत असल्याचे कारण दिले.