मांडीवर मूल, खाली पातं

अमेरिकेत ढकलत चालवायच्या मोवरला केंद्र सरकारचा सक्तीचा सुरक्षा नियम आहे. बसून चालवायच्या मोवरला तसा नाही. म्हणजे लहान यंत्राला कायदा, आणि मोठ्या यंत्राला कंपन्यांनी आपणहून पाळायचं मानक!

१९८२ पासून इथे ढकलायच्या मोवरचं हँडल सोडलं की पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनचा तो नियम आहे. रायडिंग मोवरसाठीचं मानक मात्र ऐच्छिक. बहुतेक कंपन्या ते पाळतात, हे मान्य. सीटवरून उठलं की पातं बंद पडतं. नव्या यंत्रांत रिव्हर्स टाकला तरी बंद पडतं. पण एक किल्ली फिरवली की रिव्हर्समध्येही गवत कापता येतं. आणि खड्ड्यात गचका बसला की इंजिन बंद पडतं म्हणून सीटखालचा स्विचच बांधून टाकणारे महाभागही आहेत. जुगाडात आपण कुणाला हार जातो होय?

मी ओहायोत राहते. पाऊण एकराचं आवार, मागे ओढ्याकडे उतरणारी जमीन. गवत वाढलं की नोटीस येते, म्हणून मे ते ऑक्टोबर जवळजवळ दर आठवड्याला मोवर काढावाच लागतो. आमच्याकडे ते काम माझं. गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे पुण्याहून आले होते. पाच वर्षांचा नातू मोवरकडे डोळे लावून बसलेला पाहून बाबा म्हणाले, "अगं, घे की त्याला मांडीवर. दोन चकरा मार. मी याच्या बापाला स्कूटरवर पुढे उभा करून शाळेत सोडायचो."

मी म्हटलं, "बाबा, स्कूटरच्या खाली पातं नव्हतं."

ते थोडे नाराज झाले. पोरगं रडलं. पण या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

कारण सांगते. मोवरच्या पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो. म्हणजे ताशी साधारण ३४५ किलोमीटर. एका गचक्यात मूल मांडीवरून घसरलं, तर आपण ब्रेक मारेपर्यंत सगळं संपलेलं असतं. पण मला त्याहून जास्त भीती पुढच्या आठवड्याची वाटते. एकदा चक्कर मारलेल्या मुलाला मोवरचा आवाज म्हणजे "चल, फिरायला" असं आमंत्रण वाटतं. ते घरातून धावत सुटतं, तेही मागून. आपल्या कानावर आवाज रोखणारे मफ्स, नजर पुढच्या पट्ट्यावर, आणि नेमका त्याच वेळी आपण रिव्हर्स टाकतो. इथल्या अनेक दुर्घटना अशाच झाल्या आहेत, आणि मोवर चालवणारे बहुतेकदा आई, बाबा किंवा आजोबाच असतात.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे: रायडिंग मोवर चालवायला वय किमान १६, ढकलायच्या मोवरला १२, आणि मागे किंवा मांडीवर बसणारा प्रवासी कोणत्याही वयाचा नको.

बाकी माझी पद्धत साधी आहे. आधी पायी एक फेरी: खेळणी, दगड, तार, कुत्र्याचं हाडूक सगळं उचलायचं. पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा सुटतो. पेट्रोल इंजिन थंड असताना आणि उघड्यावरच भरायचं. गवत कोरडं हवं, ओल्यावर चाकं घसरतात आणि कापही नीट येत नाही. उंची तीन-साडेतीन इंच ठेवायची, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. पातं धारदार हवं, बोथट असेल तर शेंडे फाटतात आणि दोन दिवसांत लॉन तपकिरी दिसतं. दर वेळी दिशा बदलायची. कापलेलं गवत तिथेच राहू द्यायचं, तेवढंच खत.

उतारावर रायडिंग मोवर सरळ वर-खाली न्यायचा, आडवा नाही, आणि उतारावर वळायचं नाही. ढकलायच्या मोवरचं नेमकं उलट: तो आडवा चालवायचा. ओढ्याकडची माझी कड १५ अंशांहून जास्त उतरती आहे, तिथे मी मोवर नेतच नाही. ट्रिमरने कापते. वेळ लागतो, लागू दे.

आता मुद्दा कायद्याचा. ऐच्छिक मानकाने पुष्कळ काम केलं आहे, नाही असं नाही. पण चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ढकलायच्या मोवरला जे लागू झालं, ते बसायच्या मोवरला का नको? कमिशनकडे कोणत्याही नागरिकाला अर्ज करता येतो. आपण इथे कर भरतो, मतदान करतो, मग या गोष्टीतही बोललं पाहिजे. आणि तोवर आपापल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर मांडीवर मूल घेतलेला मोवरचा व्हिडिओ आला, तर त्याखाली बदाम टाकू नका. दोन ओळी लिहा. वाईटपणा येईल, येऊ दे.

घरी एकच नियम करा. मोवर सुरू असताना सहा वर्षांखालची मुलं घरात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली. कुणी अंगणात आलंच, तर पातं बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. मगच बोलायचं.