रिकामं वर्ष

बारावीला इंग्रजी आणि मराठीचे पेपर दिले आणि टायफॉईडनं गाठलं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स राहिलेच. जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत अंगात जोर आला नव्हता. मग ठरलं, पुढच्या फेब्रुवारीत बसायचं. उत्तीर्ण विषयांत मंडळ सूट देतं. बाकीच्या विषयांत ३५ गुण मिळाले तरी पास झाले असते, पण मला इंजिनिअरिंगला जायचं होतं.

त्या वर्षाचं दुःख अभ्यासाचं नव्हतंच. मैत्रिणी जूनमध्ये पुण्याला गेल्या आणि मी कुठलीच उरले नाही. कॉलेजची नाही, घरची म्हणावी तर तीही नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं, "सध्या काय करतेस?" की आई माझ्याआधी उत्तर द्यायची. ती मला सांभाळत होती, हे कळायचं. तरी प्रत्येक वेळी घशात काहीतरी अडकायचं.

फिजिक्सच्या पुस्तकात आदल्या वर्षीच्या पेन्सिलीच्या खुणा अर्ध्यावर थांबल्या होत्या. त्यापुढची पानं कोरी करकरीत. कितीतरी दुपारी मी त्या शेवटच्या खुणेपाशीच बसून राही. तिथवरची मुलगी घाईत होती, तिला सगळ्यांच्या पुढे जायचं होतं. तिचा मला हेवा वाटे आणि थोडी काळजीही.

निकाल चांगला लागला, प्रवेशही मिळाला. पण पुढे कॉलेजात कुणी जन्मसाल विचारलं की मी किंचित थबकायचे. लाज होती का ती? तसं म्हणवत नाही. अजूनही ओळखीच्या घरी कुणी बारावीला पुन्हा बसतंय असं कळलं, की त्याला फोन करावासा वाटतो. काय बोलायचं ते मात्र सुचत नाही.