हाताबाहेरचं

जुलै 1505. एरफुर्टजवळ, श्टॉटर्नहाइम गावापाशी वादळात वीज कोसळली आणि भेदरलेल्या तरुण मार्टिन ल्यूथरने संत अ‍ॅनाला नवस केला: वाचलो तर संन्यासी होईन. पंधरवड्यात तो मठात दाखल झालाही. कायद्याचं शिक्षण, बापाची इच्छा, सगळं मागे टाकून. याहून ठाम निर्णय माणूस घेणार तरी कोणता? तरी जिवाला स्वस्थता नव्हती. तासन्‌तास तो पापांची कबुली देई. आपला पश्चात्ताप खरा कशावरून, हा किडा काही केल्या मरेना.

मानवी इच्छेबद्दलचं त्याचं कठोर म्हणणं मला या तळमळीतूनच उमगतं.

1524 मध्ये इरॅस्मस या विद्वानाने ल्यूथरविरुद्ध इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. त्यातलं एक चित्र मला फार आवडतं. धड चालता न येणारं लेकरू पडतं. बाप त्याला उठवतो, समोर सफरचंद धरतो, हात धरून तिथवर नेतो. सगळं बापाचंच, पण लेकरूही थोडं धडपडतं की! पुढच्याच वर्षी ल्यूथरने या ‘थोड्या’वरच घाव घातला. घरदार, पैसाअडका यांत माणसाची मर्जी चालते. देवाकडे वळणं मात्र त्याच्या हातचं नाही. असं स्वातंत्र्य देऊ केलं तरी मला नको, असंही तो म्हणाला. कारण ते थोडं माझं असेल, तर ते पुरेसं होतं का, ही धास्तीही मरेपर्यंत माझीच.

म्हणून ल्यूथरपंथीय तान्ह्या बाळाला निःशंकपणे बाप्तिस्मा देतात. कपाळावरून पाणी ओघळतं, बाळ रडतं किंवा झोपून राहतं. त्याने काहीच ठरवलेलं नसतं. मन खचलं की माझा बाप्तिस्मा झालाय, हे स्वतःला सांगावं, असं ल्यूथरने शिकवलं.

पण वळणं माणसाच्या हातचं नसेल, तर देवाचं एकच वचन ऐकून एकाचं काळीज का उघडतं आणि दुसऱ्याचं का नाही? ल्यूथरच्या मागून आलेल्यांनी 1577 च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ या पंथाच्या श्रद्धालेखात लिहून ठेवलं: वळला तर श्रेय देवाचं, नाकारलं तर दोष माणसाचा. तर्काला हे पटत नाही. मलाही बोचतं. पण नाकारणाऱ्यावर देवाने आधीच फुली मारली होती, असं म्हणायला ते तयार झाले नाहीत आणि वळलेल्याला आपल्या शहाणपणाची फुशारकीही मारू दिली नाही. त्यासाठी त्यांनी उत्तर अर्धं ठेवणं पत्करलं, आणि त्या अर्ध्या उत्तरावर माझा जीव जडला आहे.